नऊ ग्लोव्हज आणि अठरा पोरी

(द्वितीय वर्ष, कला)

बेसबॉल म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे अमेरिका उभी राहते. चोचीच्या टोप्या घातलेले, तोंडात काहीतरी चघळणारे धिप्पाड खेळाडू आणि हजारो प्रेक्षकांनी भरलेले स्टेडियम! अशा खेळाविषयी जालना जिल्ह्यातल्या, भोकरदन तालुक्यातल्या हसनाबादच्या मुलीने कॉलेजच्या वार्षिकांकात का लिहावे, असा प्रश्न कोणालाही पडेल. लेखाचा विषय सांगितला तेव्हा वर्गातली एक मैत्रीण म्हणालीच, "अगं, तुझ्या गावाला एस.टी. तरी वेळेवर येते का? आणि निघाली बेसबॉलवर लिहायला!" एस.टी.ची गोष्ट तिने थट्टेने काढली. पण या लेखाचा निम्मा विषय तोच आहे.

आमचे हसनाबाद बाजाराचे गाव. चहूबाजूंनी कापूस, मका आणि मिरची. घरची परिस्थिती बेताची. अण्णा सातवीपर्यंत शिकलेले, आई चौथीपर्यंत. माझ्याआधी आमच्या घरातल्या कोणी कॉलेजची पायरी चढलेली नाही. मी चढले त्याला इतर कारणे आहेतच, पण त्यांतले एक कारण बेसबॉल आहे असे म्हटले तर आमच्या प्राध्यापकांनी हसू नये.

त्याचे असे झाले. मी आठवीत असताना शाळेत शारीरिक शिक्षणाचे नवे सर आले. येताना त्यांनी एक भली मोठी पिशवी आणली. तिच्यात दोन बॅटी, काही चेंडू, कॅचरची जाळी आणि चामड्याचे नऊ ग्लोव्हज होते. बोटे सुजल्यासारखे दिसणारे ते पंजे पाहून आम्ही पोरी खूप हसलो. सरांनी चुन्याची फक्की मारून मैदान आखले. मोठ्या माणसांच्या बेसबॉलमध्ये एका बेसपासून दुसऱ्या बेसपर्यंत ९० फूट अंतर असते आणि पिचर ६० फूट ६ इंचांवरून चेंडू टाकतो. लहान मुलांसाठी ही अंतरे ६० फूट आणि ४६ फूट अशी कमी करतात. सरांनी तीच धरली. बेस म्हणून खताच्या रिकाम्या गोण्यांत वाळू भरली. झाले मैदान तयार!

खेळ समजायला अवघड नाही. दोन्ही बाजूंना नऊ नऊ खेळाडू. चेंडू टोलवायचा, तीन बेसांना स्पर्श करीत पळायचे आणि परत होमवर यायचे की एक धाव. तीन गडी बाद झाले की बाजू बदलते. यात एक गंमत आहे. ग्लोव्ह फक्त क्षेत्ररक्षण करणाऱ्यांना लागतो, टोलवणाऱ्यांना नाही. त्यामुळे ग्लोव्हज नऊच असले तरी अठरा पोरी खेळू शकतात. बाजू बदलली की ग्लोव्ह मैदानात ठेवून यायचे. समोरची पोरगी तो उचलून घालते. पुढे मी वाचले की अमेरिकेतले मोठमोठे व्यावसायिक खेळाडूसुद्धा पूर्वी आपले ग्लोव्हज असेच मैदानात टाकून येत. तसे करायला तिथे १९५४ साली बंदी झाली. आमच्याकडे मात्र ती जुनी रीतच उपयोगी पडली.

सरांनी फळ्यावर सूचना लावली : "बेसबॉल संघासाठी नावे द्यावीत. सर्व मुलामुलींना प्रवेश खुला." सूचना अगदी स्पष्ट होती. जात नाही, फी नाही, उंचीची अट नाही. तरी मुलींची नावे आली चार! त्या चौघींची घरे शाळेजवळ, दोघींचे वडील नोकरदार. बाकीच्या आम्ही कुंपणाशी उभ्या राहून बघत होतो आणि घंटा झाली की घराकडे पळत होतो.

एखाद्याने ठरवले असते की पोरींना खेळाची आवडच नाही, आणि तिथेच विषय संपला असता. या सरांनी तसे केले नाही. ते एकेका मुलीच्या घरी जाऊ लागले. आमच्या घरीही आले. अण्णांनी खाट टाकली, आईने चहा ठेवला. सरांचे म्हणणे ऐकून अण्णा म्हणाले, "सर, पोरगी हाये ती. उद्या बॉल लागून दात पडला तर कोन करील तिला?"

सर म्हणाले, "भाऊ, दातांची काळजी मी घेतो. तुम्ही फक्त संध्याकाळचा दीड तास द्या."

तेवढ्यात चुलीपाशी बसलेली आई बोलली, "दीड तास द्यायला कामून नाही म्हनावं, सर? पन् पान्याचं कसं? संध्याकाळी हापशावर नंबर लावायला हीच असती."

दाताचा प्रश्न बोलायचा होता. खरा प्रश्न पाण्याचा होता. सरांनी वहीत लिहून घेतले. पंधरा-वीस घरे हिंडल्यावर त्यांच्या वहीत जे जमले ते असे : कोणाला हापसा, कोणाला धाकटे भावंड, कोणाला कापसाची वेचणी, कोणाला शेवटची एस.टी. वाडीवरून येणाऱ्या मुलींना एस.टी.चा प्रवास फुकट असतो. अहिल्याबाई होळकरांच्या नावाची ती योजना चांगली आहे, तिच्यामुळे कितीतरी मुली शाळेत टिकल्या. पण फुकटचा पास असला तरी गाडी थांबून राहत नाही. सराव साडेपाचला सुटला आणि गाडी पाचला गेली, तर पास दप्तरातच राहतो.

मग सरांनी मुख्याध्यापकांना गळ घातली. आठवड्यातून तीन दिवस वेळापत्रकातले शेवटचे दोन तास खेळाचे केले. शाळा सुटायच्या वेळीच सराव सुटू लागला. हापसाही साधला, गाडीही साधली. महिन्याभरात चारांच्या अठरा झालो. गावाला पैसा खर्च करावा लागला नाही, शासनाचा नवा आदेश आला नाही. वेळापत्रकातले चार रकाने इकडचे तिकडे झाले, एवढेच.

कॉलेजात आल्यावर या विषयाचे वाचन मी थोडेफार वाढवले. त्यात मला खेळांतल्या बंद दारांच्या दोन जाती दिसल्या.

एक दार माणसे उघडपणे बंद करतात. पळवणकर नव्हे, पालवणकर बाळू यांचे नाव (माझ्याही वाचण्यात ते प्रथम कॉलेजातच आले) आपल्या पाठ्यपुस्तकांत फारसे नसते. १८७६ साली चर्मकार समाजात जन्मलेला हा मुलगा पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टी झाडण्याच्या आणि रोलर फिरवण्याच्या नोकरीला लागला. पगार महिना चार रुपये. इंग्रज फलंदाजांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता तो हिंदुस्थानातला अव्वल फिरकी गोलंदाज झाला. मग पुण्याच्या हिंदू संघाला तो हवा झाला. मैदानावर त्याने टाकलेला चेंडू सगळे हातात घेत. चहा मात्र त्याला तंबूबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळे. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर त्याने ११४ बळी घेतले, तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्याला कधी मिळाले नाही. त्यासाठी त्याच्या भावांना भांडावे लागले आणि अखेर १९२३ साली धाकटा भाऊ विठ्ठल कर्णधार झाला.

हीच गोष्ट बेसबॉलच्या मायदेशीही घडली. अमेरिकेत मुलांसाठी 'लिटल लीग' ही संघटना १९३९ साली सुरू झाली. तिच्या नियमांत काळ्या मुलांना मनाई नव्हती. १९५५ साली साउथ कॅरोलिना राज्यातल्या चार्ल्सटन गावचा कॅनन स्ट्रीट नावाचा काळ्या मुलांचा संघ स्पर्धेत उतरला, तेव्हा त्या राज्यातल्या सगळ्या गोऱ्या संघांनी नावे मागे घेतली. न खेळताच ही मुले विजयी ठरली, आणि न खेळता जिंकलेल्या संघाला पुढे जाता येत नाही या नियमाने तीच बादही झाली! अंतिम स्पर्धेला त्यांना पाहुणे म्हणून बोलावले आणि प्रेक्षकांत बसवले. 'त्यांना खेळू द्या' असा आवाज तिथल्या लोकांनीच उठवला, पण खेळू दिले नाही. अकरा-बारा वर्षांची ती मुले. त्यांना विजेतेपदाचा मान मिळाला तो २००२ साली, म्हणजे त्यांची साठी जवळ आल्यावर. याच लिटल लीगमध्ये मुलींना मनाई होती. ती न्यायालयात भांडावी लागली, तेव्हा १९७४ साली उठली.

हे वाचून संताप येतो. पण या दाराला निदान एक सोय असते : ते बंद आहे हे दिसते आणि कोणी बंद केले हेही सांगता येते. दुसऱ्या जातीचे दार तसे नसते. ते सताड उघडे असते, वर 'सर्वांना प्रवेश खुला' अशी पाटी असते, आणि तरी आत जाणारी मुले तीच ती असतात. इथे कोणाला दोष द्यावा? सूचना लावणाऱ्याला? हापशाला? एस.टी.ला? दोष कोणाचाच निघत नाही, म्हणून दुरुस्तीही कोणी करत नाही.

माझ्या वर्गातल्या एका मुलीची हकीकत सांगते. नाव सांगत नाही. तिचे आईवडील ऊसतोडीला जात. भाद्रपदात बाजरी कणसावर आली की ही दुसऱ्याच्या शेतात माळ्यावर उभी राहून गोफणीने पाखरे हाकायची. त्यामुळे तिच्या हाताला असा काही नेम आणि जोर होता की तिसऱ्या बेसवरून तिने फेकलेला चेंडू सपकन पहिल्या बेसवरच्या ग्लोव्हमध्ये शिरे. उत्तर प्रदेशातल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोन भालाफेकपटूंना २००८ साली एका चेंडूफेकीच्या स्पर्धेतून निवडून अमेरिकेतल्या पिट्सबर्ग पायरेट्स या संघाने करारबद्ध केले, हे मी पुढे वाचले तेव्हा मला पहिली हिचीच आठवण झाली.

आणि ही पोरगी डावरी! ग्लोव्ह नेहमी फेकण्याच्या हातात न घालता दुसऱ्या हातात घालतात. आमचे नऊही ग्लोव्हज डाव्या हाताचे. तिने काही दिवस तो उलटा, अंगठ्याच्या जागी करंगळी घालून वापरला. चेंडू निसटायचा आणि आम्ही तिच्यावर ओरडायचो. सरांनी कुठूनतरी उजव्या हाताचा एक ग्लोव्ह मिळवला, तेव्हा आम्हाला कळले की चूक तिच्या हाताची नव्हती. सर्वांना एकसारखे दिले म्हणजे सर्वांना सारखे मिळाले असे होत नाही, हे मी तर्कशास्त्राच्या तासाला नव्हे, त्या दहाव्या ग्लोव्हवरून शिकले.

पण दहावा ग्लोव्हही पुरला नाही. जिल्ह्याच्या शालेय स्पर्धा साधारण दसऱ्याच्या आगेमागे आणि त्यापुढच्या विभागीय आणि राज्य स्पर्धा दिवाळीच्या सुमारास होतात. ऊसतोडीच्या टोळ्या निघतात त्याही तेव्हाच. मुकादमाकडून उचल घेतलेली, नवरा-बायकोचा मिळून एक कोयता ठरलेला. मागे राहिलेल्या पोरीला सांभाळणार कोण? आम्ही विभागाला गेलो तेव्हा ती एका कारखान्याच्या फडात होती. चैत्रात परत आली, तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला, "तिसऱ्या बेसवर कोन होतं?" तिला ना कोणी संघातून काढले होते, ना कोणी खेळू नको म्हटले होते. दहावीनंतर तिचे शिक्षण सुटले. आता लग्न झाले आहे आणि तिचाही कोयता ठरला आहे.

काही जण म्हणतात, एवढा खटाटोप परदेशी आणि खर्चिक खेळासाठी कशाला? आपले खो-खो, कबड्डी काय वाईट आहेत? मुळीच वाईट नाहीत. खो-खोचे नियम १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने बांधले, आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला झालेला खो-खोचा पहिला विश्वचषक भारताच्या मुलांनी आणि मुलींनी, दोघांनीही जिंकला. दोन्ही कर्णधार, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर, महाराष्ट्राचे. याचा मला अभिमानच आहे. पण खो-खोला दोन खांबांपलीकडे काही लागत नाही, तरी माझी ती मैत्रीण खो-खोच्या संघातही नव्हती. कारण ऊसतोड खेळ बघून जात नाही. तेव्हा खेळाच्या सामानाची किंमत हाच काही एकटा अडसर नाही.

नव्या खेळाचा एक फायदा मात्र मी डोळ्यांनी पाहिला. आमच्या गावात क्रिकेट मुलांचे. आमच्याच जालन्याचा विजय झोल २०१४ साली १९ वर्षांखालील विश्वचषकात भारताचा कर्णधार होता, तेव्हापासून गल्लीतला प्रत्येक पोरगा स्वतःला विजय झोल समजत आला आहे. पण गल्लीचा नियम आपल्याला माहीत आहे : ज्याची बॅट, त्याची पहिली बॅटिंग. ज्याच्या घरी बॅट नाही त्याने चेंडू आणायला काटेरी कुंपणात शिरायचे. बेसबॉलची बॅट गावात कोणाच्याच घरी नव्हती. ती शाळेची, म्हणून सगळ्यांची. कोणाचा थोरला भाऊ त्यात आधीपासून तरबेज नव्हता. पाटलाची पोरगी आणि सालगड्याची पोरगी दोघी एकाच दिवशी पहिल्यांदा चुकल्या आणि एकाच ग्लोव्हमध्ये आळीपाळीने घामेजलेला हात घालू लागल्या. सुरुवातीला एक-दोघींनी नाके मुरडली. पण बाजू बदलताना ग्लोव्ह निवडायला वेळच नसतो. समोर पडलेला उचलावा लागतो. सोवळेओवळे पाळायलासुद्धा फुरसत लागते!

ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्या मुंबईत आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अधिवेशन भरले होते. त्यात २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी क्रिकेटबरोबर बेसबॉल-सॉफ्टबॉललाही मान्यता मिळाली. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे हे ऐकून तर अण्णांचा विरोध पुरता मावळला. पण हसनाबादची मुलगी ऑलिंपिकला जाईल म्हणून तिला खेळू द्यावे, असे मी म्हणणार नाही. आम्हा अठराजणींपैकी ऑलिंपिकला कोणी जाणार नाही. जिल्ह्याच्या गावी एस.टी.ने जाणे, परक्या शाळेच्या वर्गात सतरंजीवर झोपणे, हरणे, परत येताना गाणी म्हणणे, पंचांना "सर, मी आधी पोचले होते" असे धीटपणे सांगणे, एवढे आम्हाला मिळाले. कॉलेजच्या प्रवेशाच्या रांगेत मी एकटी उभी राहू शकले ती त्या धिटाईवर. नोकरदारांच्या मुलींना ही धिटाई घरात मिळते. आम्हाला ती मैदानावर मिळाली. म्हणून मैदानावर कोण येऊ शकते आणि कोण नाही, हा मला करमणुकीचा प्रश्न वाटत नाही.

माझ्या त्या मैत्रिणीची धाकटी बहीण आता सातवीत आहे. हंगामी वसतिगृहाच्या योजनेत आईबाप तोडीला गेले तरी मूल गावातच राहते आणि त्याच्या जेवणाची सोय होते. यंदा प्रथमच ती आजीजवळ मागे राहिली. सकाळ-संध्याकाळच्या दोन जेवणांनी जे साधले, ते ऑलिंपिकच्या गोष्टी सांगून साधले नसते. ती उजवी आहे, म्हणजे नऊंपैकी कोणताही ग्लोव्ह तिला चालेल. मात्र आमच्या सरांची बदली झाली आहे आणि पिशवी कपाटात आहे. कपाटाची किल्ली मुख्याध्यापक आनंदाने देतील. खेळवणारे माणूस हवे.

म्हणून कॉलेजातल्या मित्रमैत्रिणींना आणि गुरुजनांना एक विनंती. आपले राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर दरवर्षी कुठल्या ना कुठल्या गावी जाते. आपण रस्ते झाडतो, भिंतींवर घोषणा लिहितो, शेवटच्या दिवशी पथनाट्य करतो. एकदा हसनाबादसारख्या गावी जाऊन पहिले दोन दिवस नुसती घरे हिंडू या. कोणती मुले खेळायला येत नाहीत आणि कशामुळे, ते वहीत लिहू या. मग खेळाची वेळ ठरवू या. उरलेल्या पाच दिवसांत खेळ शिकवून होतो, मी शिकवीन. आणि शिबिर संपल्यावर गावातलाच एखादा मोठा मुलगा किंवा मुलगी तो पुढे चालवील असे बघू या, नाहीतर आपणही एक सूचना लावून आलो असेच होईल.

सामान फारसे लागणार नाही. फक्की आणि चार रिकाम्या गोण्या पुरेत, ग्लोव्हज आहेत. कोणाकडे जुने बूट पडून असतील तर तेवढे आणावेत. मापे सगळी चालतील.